एचआयव्हीची मोजणी : आपली बाई कोणत्या रकान्यात?

2007 सालच्या जुलैत भारतातले एचआयव्हीबाधित लोक कागदावर निम्म्यावर आले. तोवर सरकार सुमारे 52 लाख सांगत होतं. नवा अंदाज आला सुमारे 25 लाखांचा. माणसं बरी झाली नव्हती. मोजायची पद्धत बदलली होती.

आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांतल्या ठरावीक केंद्रांवर उभा होता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, 1998 पासून अशा केंद्रांवर पाहणी करत आली. प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या 400 गरोदर बायांचे नमुने प्रत्येक केंद्रावरून घ्यायचे, अशी पद्धत. 2005-06 च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदा घरोघरी जाऊन एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं आणि आकडा खाली आला. सरकारी दवाखान्यात कोण जातं? ज्यांना खाजगी परवडत नाही ते. गरिबांच्या रक्तावरून देशाचा अंदाज बांधला जात होता.

शिवाय ते रक्त दुसऱ्याच तपासणीसाठी घेतलेलं. त्यातलं उरलेलं, नाव पुसून एचआयव्हीसाठी तपासलं जाई. नाव पुसल्यामुळे गुप्तता राहिली हे खरं. पण निकाल त्या बाईपर्यंत पोचायची वाटही पुसली गेली. तिच्यासाठी वेगळी चाचणी केंद्रं होती. या पाहणीतून मात्र देशाला आकडा मिळाला आणि तिला काहीच नाही.

मग घरोघरी मोजलं की प्रश्न सुटला का? भंडारदऱ्याला या. प्रवरेवरचं हे धरण 1926 साली पुरं झालं. पाणी खाली गेलं, तिथे बागायत आणि साखर कारखाने उभे राहिले. धरणाच्या वरच्या अंगाला महादेव कोळी, ठाकर यांचे पाडे. पावसाळ्यातली भातशेती उरकली की इथली माणसं मजुरीला खाली उतरतात, नारायणगावकडे, नाशिककडे. याच जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाहणीवाला दारात येतो तेव्हा दाराला कुलूप असतं. अड्ड्यावरची, कोप्यांवरची माणसं घरोघरच्या मोजणीत सापडणार कशी?

नॅकोच्या पाहणीत स्थलांतरितांचा गट आहे, पण तो एकट्या पुरुषांचा. ऊसतोडीला कोयता जातो म्हणजे नवराबायको दोघं जातात. त्या बाईला रकानाच नाही. ती गरोदर राहिली आणि दवाखान्यापर्यंत पोचली, तरच मोजली जाते.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, जात-जमातीनिहाय आकडे मागू नका, आपली वस्तीच बदनाम होईल. ही भीती खोटी नाही. पण बदनामी आकड्यांची वाट बघत नाही. नवरा गेलेल्या बाईकडे गाव बोट दाखवतं ते कुठला अहवाल वाचून नव्हे. आकडा नसल्याने बदनामी टळत नाही, फक्त औषध आणि निधी मागायचा आधार जातो. म्हणून जात-जमातीनिहाय आणि स्त्री-पुरुषनिहाय आकडे दर फेरीत जाहीर झाले पाहिजेत. मात्र जिल्ह्याच्या पातळीवर, गावाच्या कधीच नाही. पन्नास घरांच्या पाड्यात आकडा म्हणजेच नाव.

त्या नावाचं रक्षण करणारा कायदा आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, निकाल उघड करायचा नाही, नोकरी, शाळा, उपचार, घर यांत भेदभाव नाही. आपल्या किती शिबिरांत हा कायदा शिकवला जातो?

लैंगिक प्रश्नावर बोलणं चळवळीला शोभत नाही असं वाटणाऱ्यांनी 1938 आठवावं. त्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. मांडला पी. जे. रोहम यांनी, आपल्याच नगर जिल्ह्याचे आमदार. त्यामागे बाबासाहेब होते. ठराव पडला, पण बाईच्या शरीराचा प्रश्न सभागृहात उघडपणे बोलला गेला.

तेव्हा कामाला लागा. आपल्या तालुक्यात चाचणी कुठे होते, एआरटीची औषधं किती लांबून आणावी लागतात, साठा संपतो का, हे माहिती अधिकारात विचारा. माणसांची नावं चुकूनही मागू नका. 2004 पासून ही औषधं सरकारकडून मोफत आहेत. पण भंडारदऱ्याहून जिल्ह्याचं ठिकाण शंभराहून जास्त किलोमीटर आहे, आणि बुडालेली मजुरी मोफत मिळत नाही. हंगाम सुरू झाला की कोप्यांवर चाचणीची गाडी मागा. संमती विचारणारी, आणि निकाल फक्त त्या बाईच्याच हातात देणारी.

आमचं रक्त मोजलंत, तर आमचं उत्तरही आम्हाला द्या. एवढंच मागणं आहे.

जय भीम!