गाडी घ्यावी, पण माती पाहून

भनपुरीहून एका गृहस्थांनी विचारले आहे, की पावसाळ्यात शेतावर जाता यावे आणि सुट्टीत मुलांना बारनवापाराचे जंगल दाखवता यावे, अशी फोर व्हील गाडी कोणती घ्यावी? भनपुरी म्हणजे रायपूरचा कारखान्यांचा भाग. बिलासपूर रस्त्यावर ट्रक इतके, की गाड्यांचा सल्ला बाहेरून मागवायची गरजच पडू नये! पण ट्रकवाल्याचा अनुभव डांबराचा आणि हा प्रश्न मातीचा.

छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला चार नावे देतो. भाठा लाल, मुरमाड, मटासी पिवळसर, हलकी, डोरसा मधली, आणि कन्हार म्हणजे आपली काळी, चिकट. शोरूममधल्या माहितीपत्रकापेक्षा ही नावे अधिक कामाची. भाठ्यावर पाणी थांबत नाही. थोडी उंच अशी साधी गाडीही तिथे निघून जाते. कन्हारात मात्र टायरची नक्षी बघता बघता मातीने भरते आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. तिथे वजन हाच शत्रू. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी टनाच्या आसपास वजनाची, म्हणूनच ताडोबाच्या वाटांवर इतकी वर्षे तिचे राज्य चालले. ती आता बंद झाली. तिच्या वळणाची जिमनी २०२३ मध्ये आली, तीही हलकीच.

सह्याद्रीतल्या खडकाळ वाटेचे गणित वेगळे. तिथे एक चाक हवेत लोंबकळते आणि डिफरेन्शियलच्या स्वभावानुसार तेच गरगर फिरत राहते. जमिनीवरचे चाक स्वस्थ! लॉक लावला, की दोन्ही चाके बरोबरीने फिरतात. फोर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे, दोन्हीकडे असे लॉक आहेत. महिंद्रच्या थारच्या काही मॉडेलांत मागे आहे. कोरड्या डांबरी वळणावर मात्र लॉक लावू नये. कोकणच्या वाळूत यातले फारसे काही लागत नाही. टायरमधली हवा तीस पौंडांवरून अठरावर आणली, की टायर पसरतो आणि गाडी तरते. परतताना हवा भरायला विसरू नका.

एक सावधगिरी. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांना जोर देणारीही मिळते. दिसायला तीच, किंमत कमी. शेजाऱ्यांना फरक कळणार नाही; चिखलाला लगेच कळेल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखा ७००, असे कंपन्या सांगतात. ते संथ पाण्याचे आकडे आहेत. रपट्यावरून वाहणारे पाणी गुडघ्याएवढे असले तरी गाडीला बाजूने ढकलते, आणि खालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. गाडीत मुले असताना तर ही परीक्षा घेऊच नये. पाणी उतरेपर्यंत थांबावे, नाहीतर मागे फिरावे.

गाडी उंच करून मोठे टायर बसवण्याची हौस अनेकांना असते. त्याने गाडीचा तोल वर सरकतो, ब्रेक कमी पडतात आणि स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही. शिवाय कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. अपघातानंतर विम्याच्या वेळी हे महागात पडू शकते.

आता भनपुरीच्या गृहस्थांसाठी. अभयारण्य पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे जंगलाची वाट तुम्हाला कोरडीच मिळेल. शेत भाठा किंवा मटासी असेल, तर चार चाकांच्या जोराचा खर्च वाचवा. कन्हार असेल, तर भर पावसात गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून पुढे ट्रॅक्टरने जाणेच बरे. इतर दिवसांसाठी हलकी जिमनी पुरेल. मात्र ती आणि तीन दारांची थार, दोन्ही चारच माणसांच्या. घरातली माणसे आधी मोजा.