‘घरचंच होतं सगळं, डॉक्टर!’

मे महिन्यातली शनिवारची रात्र. अकराला पहिला फोन आला, साडेबारापर्यंत चार झाले. सगळे हिंजवडी फेज ३ मधल्या एकाच सोसायटीतले, एकाच घरी जेवलेले, आणि सगळ्यांना उलट्या. मोठ्या माणसांना ओआरएस घोट घोट घ्यायला सांगून घरीच ठेवलं. सहा वर्षांच्या एका मुलाच्या पोटात पाणीही ठरेना, त्याला मात्र सलाइनसाठी भरती करावं लागलं.

बेत होता सुशी रोलचा. यजमानीणबाई तिशीतल्या, आयटीत नोकरी करणाऱ्या. फोनवर रडकुंडीला येऊन दोनच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “मासा एकदम ताजा होता हो, सकाळीच आणला.” आणि दुसरं, जे गेली पंचवीस वर्षं मी ओपीडीत रोज ऐकतो: “बाहेरचं काहीच नव्हतं. घरचंच होतं सगळं, डॉक्टर!”

मंडळी, आज मला भांडायचं आहे ते या दोन शब्दांशी. ‘ताजं’ आणि ‘घरचं’.

आधी त्या रात्रीचा हिशेब लावू. सगळ्यांनी माशालाच दोष दिला, अगदी सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा. पण सगळ्यात आधी उलटी झाली ती त्या मुलाला, जेवणानंतर दोनेक तासांत. आणि त्याचं घर माळकरी. त्याने माशाला हातही लावला नव्हता, खाल्ले होते फक्त काकडीचे रोल. मग मी भाताची चौकशी केली. भात सकाळी अकराला कुकरला लावलेला. परातीत पसरून, वर ओलं फडकं टाकून ओट्यावर ठेवलेला. रात्री साडेआठला रोल वळले. फ्रिजमध्ये का नाही ठेवला? तर “फ्रिजमध्ये भात कडक होतो, रोल नीट वळत नाहीत.” खरं आहे, होतो. आणि व्हिनेगर? “मुलांना आंबट आवडत नाही म्हणून निम्मंच घातलं.”

उलटीचा नमुना लॅबला पाठवला नव्हता, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही. पण इतक्या कमी वेळात, ताप नसताना, नुसत्या उलट्या आणि आधी भात खाल्लेला असेल, तर डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते बॅसिलस सिरियस या जिवाणूचं. हा मातीत राहतो, तिथून तांदळावर येतो. त्याचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. शिजलेला भात कोमट, दमट आणि झाकलेला राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष इतकं चिवट की १२१ अंश तापमानावर तासाहून जास्त वेळ टिकतं. म्हणजे पुन्हा गरम करून, फोडणी देऊन ते जात नाही. बहुतेकांना एका दिवसात बरं वाटतं, पण क्वचित हेच विष यकृतावर घाला घालतं.

“मग आम्ही लहानपणापासून फोडणीचा भात खातोय त्याचं काय?” हा प्रश्न येणारच. मीही खाल्ला आहे, अजून खातो. पण रात्रीचा उरलेला वाटीभर भात आणि मे महिन्यात नऊ तास ओट्यावर ठेवलेला दोन किलो भात यांत फरक आहे. मोठा ढीग आतून तासन् तास कोमट राहतो. (आणि फोडणीच्या भातासाठीचा भातही गार झाला की फ्रिजमध्येच ठेवायचा.)

सुशीतलं व्हिनेगर चवीपुरतं असतं असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. सुशी या शब्दाचा संबंध मुळात माशाशी नाहीच, आंबट केलेल्या भाताशी आहे. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानी लोक साशिमी म्हणतात. सुशीचा जुना प्रकार म्हणजे मीठ लावलेला मासा भातात महिनोन् महिने दडपून ठेवायचा, आंबू द्यायचा आणि त्या आंबटपणाने मासा टिकवायचा. व्हिनेगर पुढे त्याच आंबटपणाच्या जागी आलं. आजही परदेशात सुशीचा भात बाहेर ठेवायचा असेल तर त्याची आम्लता मोजून दाखवावी लागते, पीएच ४.६ च्या खाली हवा. म्हणजे रेसिपीतलं व्हिनेगर निम्मं करणं हे लोणच्यातलं मीठ निम्मं करण्यासारखं आहे. लोणचं निदान बुरशी येऊन तुम्हाला सांगतं तरी. भात काही सांगत नाही. वास नाही, चव नाही, दिसायला पांढराशुभ्र.

आता मासा. त्या रात्री तो निर्दोष सुटला असेल, पण म्हणून मी त्याला ‘चालेल’ म्हणणार नाही.

ताजा म्हणजे काय? आपण डोळे बघतो, कल्ले लाल आहेत का बघतो, बोटाने दाबून बघतो. ही परीक्षा उत्तम आहे, पण ती कालवणाच्या माशाची परीक्षा आहे. माशाच्या स्नायूत दडलेली अनिसाकिसची अळी कल्ल्याच्या रंगावरून कळत नाही. उलट कालच पकडलेल्या समुद्री माशात ती जिवंत असण्याची शक्यता जास्त. ती मारायची तर मासा उणे २० अंशांवर सलग सात दिवस ठेवायला हवा, असा अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचा निकष आहे. आपल्या घरातला डबल डोअर फ्रिज फार तर उणे १८ गाठतो, तेही दिवसातून दहा वेळा आइस्क्रीमसाठी दार उघडलं नाही तर. आणि इतकं करूनही फक्त अळ्या मरतात. जिवाणू गोठल्यावर झोपतात, मरत नाहीत. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये मासा बुडवून पांढरा पडला म्हणजे ‘शिजला’, असंही रीलमध्ये सांगतात. अनिसाकिसला त्याचं काही वाटत नाही. वसाबीचंही नाही.

पुण्याला समुद्र नाही. मुंबईहून, कोकणातून बर्फात रात्रभर प्रवास करून मासा येतो, तिथून हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून तुमच्या दारात. वाटेत तो ज्या ट्रेमध्ये, ज्या पाटावर, ज्या सुरीने कापला जातो, त्याच सुरीने दिवसभर इतर सगळं कापलेलं असतं. यात मासे विकणाऱ्या मावशींची काहीच चूक नाही. हा मासा कोणी कच्चा खाईल हे त्यांच्या स्वप्नातही नसतं. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या मासा खाल्ला तो हळद-मीठ लावून, कोकम घालून, आणि शेवटी चुलीवर. ‘सुशी ग्रेड’ असं छापलेलं पाकीट मिळतं म्हणाल, तर त्या शब्दाला अमेरिकेतही कायद्याची व्याख्या नाही. आणि गोड्या पाण्यातला मासा, म्हणजे रोहू, कटला, मरळ, चिलापी, कच्चा खाण्याचा विचारही करू नका. त्यातले परजीवी आणखी वेगळे.

“पण जपानी लोक तर खातात!” टोकियोत निशी-कासाईला तीन-चार वर्षं राहून आलेली कुटुंबं माझे पेशंट आहेत, ती हे हमखास ऐकवतात. त्यांनाच मी विचारतो, तिथे दुकानातून कुठला मासा घेत होतात? तर ज्यावर ‘साशिमीसाठी’ असं लिहिलेलं असतं तोच. शेजारचा, त्याच दिवशी आलेला, पण तसं न लिहिलेला मासा जपानी गृहिणी कच्चा वाढत नाही. सॅमनचंच बघा. पॅसिफिकमधला सॅमन जपानी लोक कच्चा खात नव्हते, अळ्यांच्या भीतीने. १९८० च्या दशकात नॉर्वेने शेतात वाढवलेला, तयार खाद्यावर पोसलेला सॅमन तिथे नेला, आणि त्यानंतर कुठे सॅमनची सुशी सुरू झाली. इतकी काळजी घेऊनही जपानमध्ये अन्नविषबाधेच्या नोंदवलेल्या घटनांत अनिसाकिस अलीकडे वरच्या क्रमांकावर असतो. त्यांच्याकडची सगळी साखळी वगळून आपण फक्त शेवटचं दृश्य उचलतो.

गरोदर बायका, लहान मुलं, सत्तरीपुढचे, स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेले, यकृताचा आजार असलेले: यांच्या ताटात घरचा कच्चा मासा अजिबात नको. ‘एक तुकडा चाखून बघ’ हा आग्रहसुद्धा नको. माझ्या मधुमेही मंडळींसाठी एक वेगळीच तक्रार आहे. सुशी ‘डाएट फूड’ नाही. तो साखर घातलेला चिकट भात आहे, आणि दोन रोलमध्ये दोन वेळच्या जेवणाचा भात सहज पोटात जातो. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, दिवसाची मर्यादा आहे २०००. बीपीवाल्यांनी वाटीत बुडवायचं की टोक लावायचं, ते ठरवावं.

त्या बाई आठवड्याने भेटायला आल्या. “आता परत कधीच करणार नाही,” म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, का नाही? जरूर करा. इंद्रायणी तांदूळ घ्या. आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला, चिकट आणि रोलला उत्तम. दोन कप तांदळाला पाव कप व्हिनेगर, त्यात काटकसर नाही. भात पाहुणे यायच्या तासभर आधी लावायचा, पसरून पंख्याखाली गार करायचा, दोन तासांत रोल संपवायचे. उरले तर टाकून द्यायचे, डब्यात भरून सोमवारी ऑफिसला न्यायचे नाहीत. आत काकडी, ऑम्लेटच्या पट्ट्या, शिजवलेली कोळंबी, तव्यावर पूर्ण भाजलेली सुरमई. आणि हे ऐकून त्या हसल्या: दुधी. जपानात दुधीच्या वाळवलेल्या पट्ट्या गोडसर शिजवून रोलमध्ये घालतात, कान्प्यो म्हणतात. तो जुना, अस्सल प्रकार आहे. ‘कच्चा मासा नाही तर सुशी कसली’ म्हणणाऱ्या पाहुण्याला तोच वाढा.

आणि तरीही कधी बिघडलंच, तर: उलट्या थांबेनात, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, ताप किंवा शौचात रक्त आलं, माणूस गुंगीत गेला, डोळे पिवळे दिसले, तर सकाळची वाट बघू नका. कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटात वरच्या बाजूला जोराची कळ आली, तर नुसतं ‘अ‍ॅसिडिटी झाली’ सांगू नका. काय खाल्लं, कच्चं होतं का, किती वाजता, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अनिसाकिसची अळी दुर्बिणीतून दिसते आणि चिमट्याने काढताही येते. पण ती शोधायची आहे हे आधी आम्हाला कळायला हवं.