पाटीएवढा संगणक

नागपूरचा उन्हाळा ज्याने अनुभवला नाही, त्याला दुपार म्हणजे काय ते कळलेच नाही, असे आम्ही नागपूरकर थोड्या अभिमानानेच सांगतो. मे महिन्यात अकरा वाजले की सीताबर्डीच्या गजबजलेल्या बाजारातली वर्दळही ओसरू लागते. घरोघरी कूलरची घरघर सुरू होते आणि मुलांना चार भिंतींत कोंडून घ्यावे लागते. आमच्या पिढीने या दुपारी पत्ते, सोंगट्या आणि आजीच्या गोष्टी यांवर काढल्या. माझ्या बहिणीच्या घरी मात्र अलीकडे झोपाळ्यावर एक छोटासा संगणक उघडलेला दिसतो. तो मांडीवर मावतो, वजनाने किलोभराच्या आसपास आहे, आणि त्याच्यावरून त्या घरात रोज दुपारी एक खटला उभा राहतो.

फिर्यादी असतात मुलांचे आजोबा. "हे यंत्र अभ्यासाकरिता आणले, त्याच्यावर खेळ कसले खेळता?" ही त्यांची फिर्याद. आरोपीच्या पिंजऱ्यात माझा भाचा आणि भाची. न्यायाधीशाचे काम माझ्याकडे येते, कारण सुट्टीतला पाहुणा तेवढा तटस्थ असतो अशी त्या घरची समजूत आहे. पुष्कळ दिवस मला निकाल देता आला नाही. आता माझे मत ठरले आहे. ते तुमच्यापुढे मांडतो.

खेळ आणि उपयोग यांची अशी वाटणी करणे मला मुळातच पटत नाही. माझ्या लहानपणी शाळेत दगडी पाटी होती. तिच्या एका बाजूवर गुरुजींनी घातलेली गणिते असत आणि दुसऱ्या बाजूवर शेजाऱ्याशी चाललेला फुल्ली-गोळा असे. गुरुजी जवळ आले की पाटी उलटायची, एवढेच कौशल्य हवे. पण खडू तोच, हात तोच, आणि खरे सांगायचे तर डोकेही तेच. फुल्ली-गोळ्यात पहिली फुल्ली कोठे मारावी याचा मी जेवढा विचार केला, तेवढा काही गणितांचाही केला नसेल.

गंमत अशी की लहान संगणकाची कल्पना प्रथम मांडणाऱ्यांपैकी एकाला मुलेच डोळ्यांपुढे दिसत होती. ॲलन के नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एका लेखात वहीएवढ्या संगणकाचे चित्र रंगवले. मुलाने तो बगलेत मारून कोठेही न्यावा, त्यावर वाचावे, लिहावे, चित्रे काढावीत, खेळ रचावेत. त्या काळी तसे यंत्र बांधणे शक्य नव्हते. पुढे १९८१ मध्ये ॲडम ऑसबोर्न यांनी उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. या ऑसबोर्न यांचे बालपण आपल्या तमिळनाडूत गेले होते. त्यांच्या संगणकाचे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा पाच इंचांचा! शिवणयंत्राच्या पेटीसारखे ते धूड उचलून नेणाऱ्याचा खांदा किती दुखत असेल, ते त्यालाच ठाऊक. तरीही लोकांनी ते विकत घेतले. आज तुमच्या दप्तरात पुस्तकांशेजारी जे सहज बसते, त्याच्यामागे अशी ओझी वाहिली गेली आहेत.

महाराष्ट्रातही एक प्रयोग झाला. रायगड जिल्ह्यात खैरात नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी शाळेतल्या वीस-बावीस मुलांना २००७ मध्ये प्रत्येकी एक छोटा हिरवा-पांढरा संगणक मिळाला. मुलांसाठीच घडवलेल्या त्या यंत्राचा पडदा भर उन्हातही वाचता येत असे आणि त्यात छायाचित्रे काढण्याची सोय होती. मुलांनी ते घरीही न्यावे अशी योजना होती. प्रत्येक मुलाला स्वतंत्र यंत्र द्यावे, हे त्या योजनेचे तत्त्व. जेथे पुस्तकांचीच वाण असते तेथे ते मला योग्य वाटते. आमच्या बहिणीच्या घरी मात्र एकच यंत्र आहे आणि ते मधल्या खोलीत असते, हे मला अधिक बरे वाटते. एक जण चालवतो तेव्हा दुसरा मागून डोकावतो, चुका काढतो, भांडतो. आणि भांडता भांडता दोघेही शिकतात.

मग आजोबांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे का? तसे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण मी स्वतः एकदा त्याच झोपाळ्यावर जुन्या क्रिकेट-सामन्यांची चित्रे पाहत दोन तास घालवले आहेत. एक संपले की यंत्र न मागता दुसरे पुढे करी आणि मी पाहत राही. उठलो तेव्हा डोळे चुरचुरत होते आणि काय पाहिले ते धड आठवत नव्हते. त्या दोन तासांत यंत्रच मला चालवत होते. भाचीने मात्र त्याच आठवड्यात एक मांजर पडद्यावर उंदरामागे धावेल असा खेळ स्वतः रचला. ते मांजर पहिले दोन दिवस उलटे चालत होते. सुलटे चालले तेव्हा तिने अख्खे घर गोळा केले. हाही खेळच, पण या खेळाची मी मुळीच तक्रार करणार नाही.

यंत्राचे नित्याचे उपयोग तर आहेतच. बहीण त्यावर घरखर्चाचा हिशेब ठेवते. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड, जे पूर्वी ग्रंथालयात जाऊन उघडावे लागत, ते आता त्या पडद्यावर वाचता येतात. आणि गंमत म्हणजे आजोबाच ते सर्वांत जास्त वाचतात.

परंतु माझा निकाल ठरला तो २६ मे रोजी. त्या सुमारास नवतपा चालू असतो. आकाश दाखवणारा एक कार्यक्रम संगणकावर आहे. त्यात भाचीने नागपूर हे ठिकाण निवडले, तारीख घातली आणि सूर्य हळूहळू सरकवला. तो बरोबर डोक्यावर आला. "म्हणजे आज सावली पडणार नाही!" ती ओरडली. भाच्याचा आक्षेप वेगळाच होता. सूर्य माथ्यावर येतो बारा वाजता, आणि यंत्र तर बारा वाजून सुमारे अकरा मिनिटे सांगते. तेव्हा यंत्रच चुकले! आजोबांनी विश्वकोश बाजूला ठेवला आणि कागद घेतला. आपले घड्याळ ८२ अंश ३० कला या रेखावृत्ताप्रमाणे चालते. नागपूर सुमारे ७९ अंश ५ कलांवर, म्हणजे त्याच्या पश्चिमेस. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपल्याकडे मध्यान्ह जवळजवळ चौदा मिनिटे उशिरा व्हायला हवी. पण मेअखेर सूर्य घड्याळाच्या सुमारे तीन मिनिटे पुढे असतो. चौदातून तीन गेले. यंत्र निर्दोष ठरले.

आम्ही डोक्याला पंचे गुंडाळून गच्चीवर गेलो. नळाचा एक सरळ तुकडा ओळंब्याने उभा केला. सूर्याकडे पाहायचे नाही, सावलीकडे पाहायचे, असे आजोबांनी दोनदा बजावले. भाच्याला ही घटना संगणकात टिपून ठेवायची होती. पण उन्हाने तापून यंत्र चार मिनिटे आधीच बंद पडले. त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात भाची म्हणाली, "अरे, इकडे बघ!" नळाची सावली आखडत आखडत त्याच्या बुडाशी येऊन नाहीशी झाली होती. कोणी काही बोलले नाही. आजोबाही चटके विसरून वाकून पाहत होते.

खाली येऊन पन्हे पिताना भाचा पुन्हा यंत्राशी बसला. दिल्लीत अशी वेळ कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. आपल्याकडे मात्र सूर्य परत फिरताना १७ जुलैच्या सुमारास सावली पुन्हा नाहीशी होते, हे त्याने शोधून काढले. त्या दिवशी यंत्रावर ओला पंचा टाकायचा की छत्री धरायची, यावर आजोबा आणि नातू यांची चर्चा सुरू आहे. जुलैत ढग असतात, एवढेच आजीचे म्हणणे.