प्रार्थनेतली भाकर, पंगतीतली भाकरी

प्रभूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना मराठीतून म्हणताना आपण स्वर्गीय पित्याजवळ रोजची भाकर मागतो. पाव मागत नाही, पोळी मागत नाही, पुलाव तर नाहीच. ज्यांनी ही प्रार्थना मराठीत आणली त्यांनी या मुलखातल्या माणसाचे सारे जगणे ज्या एका शब्दात मावते तोच शब्द निवडला. हा शब्द उच्चारताना आपले हात जोडलेले असतात. मिस्सा संपते, आपण सणाच्या मांडवात येतो, आणि नुकतीच मागितलेली ती भाकर तिथे शोधूनही सापडत नाही. या विसंगतीविषयी आज आम्हांला स्पष्ट बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका धर्मग्रामात सण होता. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या एका आजींनी पहाटे उठून शाळूच्या भाकरी थापल्या होत्या. धुवट फडक्यात बांधलेल्या त्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी वाढप्यांच्या टेबलावर ठेवली. आपल्यापैकीच एका तरुणाने, अगदी नम्रपणे, ते गाठोडे उचलून टेबलाखाली सरकविले. "आजी, पाहुणे यायचेत," एवढेच तो म्हणाला. पाहुणे आले, पुलाव आणि नूडल्स वाढले गेले, भाषणे झाली. सायंकाळी आजींनी वाकून आपले गाठोडे काढले आणि त्या एस.टी.च्या थांब्याकडे निघून गेल्या. हे पाहूनही गप्प राहिलेल्यांत आम्हीही होतो. म्हणून हा लेख इतरांवर आरोप करण्यासाठी नाही, तो स्वतःलाही विचारलेला जाब आहे.

भाकरीची ही लाज आली कोठून? गहू सधनाचा आणि ज्वारी राबणाऱ्याची, हा भेद जुनाच. त्यात आपल्या समाजाच्या वाट्याला आणखी एक इतिहास आला. अमेरिकेच्या १९५४ च्या पी.एल. ४८० कायद्यान्वये तिथला गहू या देशात येऊ लागला. कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस ही संस्था १९४६ पासून भारतात होतीच. तिच्यामार्फत गहू आणि दूधभुकटी अनेक धर्मग्रामांतून गरिबांपर्यंत पोहोचली. त्या मदतीने कित्येक चुली पेटल्या. तिच्याविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही. पण तिच्यामागोमाग 'पोटासाठी धर्म बदलला' हा टोमणाही आला, आणि तो आपल्या जिव्हारी लागला. त्याला उत्तर म्हणून आपण सुखवस्तू दिसण्याची धडपड केली. गरिबीच्या ज्या खुणा लपवायच्या ठरविल्या, त्यांत भाकरी पहिली होती.

तिच्यावर हा अन्याय का? १९७२ च्या दुष्काळात माण-खटाव आणि जत-आटपाडीकडची माणसे खडी फोडून जगली. तेव्हा मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी खावी लागली. तिची आठवण जुनी माणसे आजही तोंड वाकडे करून सांगतात. पण तीही थापली, भाजली आणि वाटून खाल्ली. ज्या भाकरीने आपल्या आईबापांना त्या वर्षातून पार नेले, तिची ओळख पाहुण्यांसमोर नाकारणे हा कोणता शिष्टाचार?

शुभवर्तमानाकडे वळून पाहू. योहानाने सांगितलेल्या चमत्कारात त्या मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या. त्या काळी त्या देशात जव हे गरिबाचे धान्य होते. योहानाने हा तपशील गाळला नाही. बेथलेहेम या नावाचा अर्थच 'भाकरीचे घर', आणि रूथ त्या गावी आली तीही जवाच्या सुगीत. आमचा प्रश्न साधा आहे. गालीलच्या त्या मुलाचे गाठोडे पाहुण्यांच्या संकोचाने कोणी टेबलाखाली सरकविले असते, तर पाच हजार माणसे काय जेवली असती?

यावर कोणी म्हणेल, वेदीवरची भाकर गव्हाचीच लागते. खरे आहे. तो ख्रिस्तसभेचा नियम आहे आणि आम्हांला तो शिरोधार्य आहे. परंतु तो नियम वेदीचा आहे, मांडवाचा नाही. त्याच्याआड आपली लाज लपवू नये.

दुसरा आक्षेप असा की, भाकरी हे अडाणी अन्न आहे, त्यात कसली कला? हे बोलणाऱ्याने एकदा परातीत हात घालून पाहावा. गव्हाची कणीक चिकटाने धरून राहते. ज्वारीत तो चिकटपणा नसतो. म्हणून पीठ ताजे हवे, जुन्या पिठाची विरी जाते आणि कडा फाटतात. म्हणून आधणाचे पाणी, म्हणून तळहाताने रगडणे, म्हणून लागेल तेवढाच गोळा मळणे. तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी आरावर फुगवायची. हे ज्ञान कागदावर नाही, ते आपल्या आयांच्या मनगटात आहे.

अशा ज्ञानाची किंमत काय असते, ते जगाने एकदा मोजले आहे. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात आणि त्याच्या भाकरी करतात. युरोपने मका नेला, पण ही रीत मागे ठेवली. पुढे उत्तर इटलीत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. चुन्याने मक्यातले जे जीवनसत्त्व मोकळे होते, ते त्यांना मिळालेच नव्हते. मेक्सिकोच्या या पाककलेचा युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या वारशात समावेश केला. इथिओपियात इंजेरा पाहुण्यापुढे मानाने मांडतात. सुदानात आंबवलेल्या ज्वारीचा किसरा घरोघरी होतो. ज्वारी मूळची त्याच आफ्रिकेतली. तिथे तिची लाज नाही, मग हजारो वर्षे तिला आपली म्हणून वाढविणाऱ्या आपल्यालाच ती का?

आमचा रोख परक्या अन्नावर आहे असे मात्र कोणी समजू नये. त्या आजींच्या चटणीतली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडांतले. बटाटा आणि पाव हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. वसईचे आणि गोव्याचे आपले बांधव पाव खातात तो त्यांच्या घरचा म्हणून, अभिमानाने. आमचे म्हणणे एवढेच की, दुसऱ्याचे ताट आदराने घ्यावे आणि आपलेही ताट आदराने पुढे करावे. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा भारताने दाद मागून १९९७ मध्ये ते रद्द करविले. हळदीची पेठ असलेल्या सांगलीलाही त्याचा आनंद झाला. हळदीसाठी परदेशात भांडता येते, मग भाकरीसाठी आपल्याच मांडवात दोन शब्द बोलता येऊ नयेत?

राहिला कष्टाचा आक्षेप, आणि तोच खरा आहे. दोनशे पानांसाठी भाकरी थापणार कोण? पुन्हा बायकाच? याला उत्तर ऑगस्ट २०१९ च्या महापुराने दिले आहे. कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा गावोगावच्या चुलींवर भाकऱ्या भाजल्या गेल्या आणि पूरग्रस्तांकडे रवाना झाल्या. एका घरावर दहा-पाच भाकऱ्यांचा भार पडला, म्हणून कोणाचीच कंबर मोडली नाही. शिवाय थापायला हात लागतात, ते पुरुषांनाही देवाने दिले आहेत. सोलापूरकडे भाकरी करून विकण्यावर अनेक बायकांचे संसार चालतात. केटररला पैसे देणाऱ्या समितीला अशा हातांना दाम देणे जड का जावे?

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. हॉटेलांतून भाकरीची थाळी मिरवू लागली, मधुमेहाच्या भीतीने बंगल्यांतही ज्वारी शिरली. जगाने शिफारस केली, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तेव्हा कुठे भाकरी चालू लागली. पण शाळू पेरणाऱ्या माणदेशी शेतकऱ्याला मान मिळाला का? परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारे, माणसाला दाणा आणि जनावराला कडबा देणारे ते पीक ऊस आणि द्राक्षांपुढे मागे सरत आहे. ज्याला पंगतीत जागा नाही, ते शेतात किती दिवस टिकेल?

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. येत्या सणाला प्रत्येक घरातून पाच भाकरी याव्यात. त्या रश्शाबरोबर वाढाव्यात, पिठल्याबरोबर वाढाव्यात, पुलावाशेजारी ठेवल्या तरी चालतील. मात्र त्या टेबलावर असाव्यात, आणि धर्मगुरूंच्या व पाहुण्यांच्या पानात त्या आधी पडाव्यात. त्या आजी पुन्हा आल्या, तर त्यांचे गाठोडे कोणी सोडायचे हे आम्ही ठरविले आहे. ते आम्ही सोडू.