बंदूक कुरियरने येत नाही!

'मोबाईलवर पैसे भरा, बंदूक घरपोच' अशा थापांना आपली पोरे भुलू नयेत. आम्ही बँकेत दिवसभर कागदच तपासतो, म्हणून स्पष्ट सांगतो : ऑनलाइन भरता येतो तो फक्त परवान्याचा अर्ज. पुढे पोलीस चौकशी, मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा निर्णय. परवाना हाती आला की परवानाधारक विक्रेत्याकडून खरेदी. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे.

आजोबांची भिंतीवरची भरमारही सुटत नाही. बंदूक वारशाने येते, परवाना येत नाही. वारसाने ती जमा करून स्वतःच्या नावे अर्ज करावा.

आता दुसरी बाजू. संत्र्याच्या बागेत रानडुकरे शिरली की लहान शेतकऱ्याने हात चोळत बसायचे, कारण बंदूक म्हणे वाडेवाल्यांचीच! हे साफ खोटे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी भरमार बंदुकीची सोय आहे. कलम १४ नुसार पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नकार दिला तर कारण लेखी नोंदवावे लागते, अपीलही करता येते. मात्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. डुकरासाठी परवानगी वेगळी.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले. छिंदवाड्याचे खेटे संपले. आता अर्जांचा निकाल वेळेत लागावा आणि ही माहिती मराठीतही फलकावर लागावी, एवढीच आमची मागणी. घर जवळ आले, दारही उघडे हवे!