मोटारीचें ठिगळ

गेल्या वर्षीं श्रावणांत मोटारींतून उतरतांना आमच्या मातोश्री सहज म्हणाल्या, "अरे, माझे पाय भिजले रे." मोटारीच्या आंत पाणी कोठून यावें? रबरी चटई उचलून पाहतों तों तळाच्या पत्र्याला पंजाएवढें भोंक पडलेलें, आणि त्यांतून अंगणांतली फरशी स्वच्छ दिसत होती! ही फियाट ११०० तीर्थरूपांनीं १९६८ सालीं घेतलेली. बंधूंचें मत पडलें कीं, आतां ती भंगारांत द्यावी. ह्याच जातीच्या टॅक्सींनीं एके काळीं मुंबई भरली होती, त्यांतली शेवटचीसुद्धां ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली, मग आपलाच हट्ट कां? मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं ती चटई गॅलरींत नेऊन वाळत घातली. आम्ही काय तें समजलों.

कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या ह्या गाडीला निराळी चासी नाहीं. पत्र्याचें घडीव अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून नुसता पत्रा चिकटवून भागत नाहीं, तो सांधावा लागतो. आम्हीं मिग वेल्डिंगचें लहान यंत्र आणलें. त्यांतून ०.६ मिलिमीटर जाडीची तार पुढें सरकते आणि सांध्यावर आर्गॉन व कार्बन डायऑक्साइड ह्यांच्या मिश्रणाचें आवरण राहतें. पंधरा दिवस चिरंजीवांनीं व आम्हीं टाकाऊ पत्र्यावर हात बसविला, आणि तेवढ्यांत पुष्कळ भोकें पाडलीं!

गंजाचें खरें क्षेत्र भोकापेक्षां नेहमींच मोठें असतें. पेंचकसाचें टोंक जेथें आंत शिरतें तेथपर्यंतचा पत्रा कापून काढावा. चकचकीत धातु लागल्याखेरीज थांबूं नये. पुढचें काम आमच्या सूनबाईंना आमच्याआधीं उमगलें. त्या म्हणाल्या, "मामंजी, ठिगळ लावतांना आपण आधीं चारी कोपऱ्यांना टांके घालतों कीं!" अगदीं तेंच. एक टांका इकडे, दुसरा समोरच्या बाजूला, मग हात लावण्याइतका पत्रा निवूं द्यावयाचा. सलग रेघ ओढावयास गेलें कीं पातळ पत्रा तापून वांकतो. जस्त चढविलेला पत्रा मात्र घेऊं नये. त्याच्या धुरानें थंडी वाजून ताप भरतो.

पेट्रोलची टांकी आम्हीं आधींच सोडवून दूर ठेवली होती. रिकाम्या टांकींत वाफ राहते, म्हणून ती भरलेलीपेक्षांहि घातक. बॅटरीच्या तारा काढल्या, गालिचे काढले. परंतु पत्र्याच्या पलीकडल्या बाजूस डांबरी थर असतो, हें आमच्या ध्यानांतच आलें नाहीं. काम संपवून आम्ही चहाला बसलों असतां गाडीखालून धूर येऊं लागला. सूनबाईंनीं पाहिला म्हणून निभावलें. बादली जवळच होती. तेव्हांपासून शेवटच्या टांक्यानंतर तासभर कोणी ना कोणी तेथें बसून राहतें, चहा तेथेंच जातो. मुलांना काम चालूं असतां अंगणांत बंदी आहे. उघड्या डोळ्यांनीं ती ठिणगी क्षणभर पाहिली तरी रात्रीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें, हें चिरंजीव स्वानुभवानें सांगतील.

मागील पाट्याची स्प्रिंग जेथें अंगाला जोडली आहे तेथेंहि गंज सांपडला. चिरंजीवांचा आग्रह होता कीं, हेंहि आपणच करूं. आम्हीं नकार दिला आणि दोन दिवस घरांत थोडा अबोला झाला. पायाखालचें ठिगळ कच्चें निघालें तर पाय भिजतील. तेथला सांधा धांवतां सुटला तर काय होईल, हें कोणाला सांगावयास नको. तें काम एका जुन्या, सरावलेल्या कारागिराकडे नेलें. त्यानें जातां जातां आमचें ठिगळ हातोडीनें ठोकून पाहिलें व मान हलविली. एवढी पावती आम्हांस पुरे झाली.

सांधे भरून, रेड ऑक्साइड लावून वर रंग दिला. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसांत मातोश्रींना देवळांत घेऊन गेलों. उतरल्यावर त्यांनीं वांकून पातळाचा काठ चांचपला. तो कोरडा होता.