न आलेल्या टॅक्सची धावपळ

टॅक्स सल्लागार व्हायचंय? मग कॅनडातला हा किस्सा वाचाच. एप्रिल २०२४ च्या बजेटमध्ये ट्रुडो सरकारनं जाहीर केलं, की २५ जूनपासून एखाद्याचा वर्षाचा भांडवली नफा अडीच लाख डॉलरच्या वर गेला, तर वरच्या रकमेचा निम्मा नाही, दोन तृतीयांश भाग करपात्र धरणार. झालं! काहींनी घाईनं शेअर्स, सुटीतली घरं विकून टाकली. कायदा मात्र झालाच नाही. मार्च २०२५ मध्ये नवे पंतप्रधान कार्नी यांनी प्रस्तावच गुंडाळला. विकलेलं घर थोडंच परत येणार? सल्लागारांना तरी किती बोलणार म्हणा, गप्प बसले असते आणि कायदा आला असता, तर शिव्या त्यांनाच! पण ‘हा अजून नुसता प्रस्ताव आहे’ एवढं तरी क्लायंटला सांगायलाच हवं होतं. आणि हो, तिथं सीपीए झालात म्हणून अभ्यास सुटत नाही. दर तीन वर्षांत १२० तास शिकावंच लागतं.